शंभराला सहा कमी

आज सकाळी माझं वजन एक्क्याऐंशी किलो चारशे ग्रॅम भरलं. पेणच्या मासळी बाजारातल्या निदान तीस माणसांना हा आकडा ठाऊक आहे, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

दिवाळी अंकासाठी 'आपल्या व्यवसायातले अनुभव लिहा' असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी काटे दुरुस्त करणारा माणूस. डॉक्टर-वकिलांसारखं माझ्याकडे सांगण्यासारखं काय असणार?" ते म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर लोकांची लबाडी पाहिलीत, तीच लिहा." आता त्यांना काय सांगू, की अडतीस वर्षांत पाहिलेली सगळ्यांत मोठी लबाडी माझ्याच घराच्या ओटीवर झाली आणि ती करणारा माणूस रोज दाढी करताना मला आरशात भेटतो.

आधी धंदा काय ते सांगतो. दुकानदाराचा तराजू, गिरणीतला मोठा काटा, सराफाचा नाजूक काटा, ही सगळी माझी गिऱ्हाइकं. वापरून वापरून काटा सुस्तावतो, ज्यांवर दांडी डुलते त्या धारा झिजतात, गंज चढतो. तो आम्ही उघडायचा, साफ करायचा, बरोबर आणायचा. मग वजनमाप खात्याचे साहेब तपासून त्यावर शिक्का मारणार. लोखंडी वजनं तुम्ही पाहिली असतील. ती उलटी केलीत तर बुडाला एक भोक दिसेल, शिसं भरलेलं. वजन झिजून हलकं झालं की त्या भोकात थोडं शिसं घालायचं, जड झालं तर कोरून काढायचं. किलो किलोवर आला की झालं. माणसालाही बुडाशी असं एक भोक ठेवलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

हा धंदा मला माझ्या वडिलांनी, अण्णांनी शिकवला. अण्णा फार बोलत नसत. पहिल्या दिवशी एकच वाक्य म्हणाले, "काटा सगळ्यांचा नोकर असतो, कोणाचा नातेवाईक नसतो." पुढची सगळी वर्षं मी ते वाक्य स्वतःचं म्हणून लोकांना ऐकवत आलो. त्याबद्दल अण्णांनी वरून माझ्याकडे बघून एकदा तरी नाक मुरडलं असेल.

काटा तपासायला खात्रीची वजनं लागतात. माझ्याकडे वीस-वीस किलोची पाच होती. मोठा काटा काही माझ्याकडे चालत येत नाही, मलाच वजनं घेऊन त्याच्याकडे जावं लागे. पेणहून एस.टी.ने रोह्याला जायचं, तर दोन वजनं दोन हातांत. स्टँडवरून गिरणीपर्यंत पायी. उरलेली तीन आणायला स्टँडवर आणखी दोन खेपा, कंडक्टर ओळखीचा म्हणून तो तेवढा वेळ त्यांच्यावर लक्ष ठेवी. रोह्याचे अब्बासचाचा म्हणून भातगिरणीवाले होते. त्यांचे मुलगे आखातात, आणि चाचा इथे एकटे, एवढा मोठा स्वयंपाक कुणाला घालायचा या विवंचनेत. मी दारात वजनं टेकवली की ते म्हणायचे, "काटा कुठं पळून जातोय? तू पैले जेव." तांदळाच्या पातळ भाकऱ्या, मटण, वर सांदणं. मी सात भाकऱ्या खायचो. आठवी चाचा न विचारता वाढायचे.

लोकांना वाटे, चाचा खाऊ घालतात म्हणजे काटा जरा सैल सोडायला सांगत असतील. एकदा गंमत म्हणून मीच विचारलं, "चाचा, एवढं खिलवता, बदल्यात काट्याचं काही काम?"

ते म्हणाले, "हाय ना. बरोबर कर. शेतकरी भात घेऊन येतो, तोपण जेवूनच जातो इथनं. जेवलेल्या माणसाला फसवलं तर अन्न बाधतं."

सात भाकऱ्या आणि मटण खाऊन मी शंभर किलो लोखंड परत स्टँडवर न्यायचो. तेव्हा माझं वजन चौसष्ट होतं. मला वाटे, आपली प्रकृतीच अशी. आमच्या घराण्यात कोणी सुटत नाही. लोकांनाही मी हे अभिमानाने सांगे. प्रकृती वगैरे काही नव्हती, ती पाच वजनं होती. हे मला कळलं ती वजनं सुटल्यावर.

इलेक्ट्रॉनिक काटे आले. हे काटे उघडून साफ करायचं फार काही नसतं, आणि मोठ्या काट्यांसाठी कंपनीचीच माणसं वजनांची गाडी घेऊन येऊ लागली. माझ्या हातातलं लोखंड गेलं, स्कूटर आली. भाकऱ्या मात्र सातच राहिल्या. शिवाय रोह्याला जाता-येता वडखळ लागतं, आणि वडखळला स्कूटरच आपोआप थांबते. त्यात माझा दोष नाही, तिथला वडा तेलातून काढतात तो रस्त्यावरूनच दिसतो.

पन्नाशी उलटली आणि साखर निघाली. तेव्हा माझ्या बायकोने, शालनने, सूत्रं हाती घेतली. पहाटे रामवाडीपर्यंत चालत जाऊन परत, नाचणीची भाकरी, पालेभाजी, भाताची एक मूद. दीड वर्ष मी हे निगुतीने केलं. खोटं कशाला सांगू, पोट गेलं, झोप लागू लागली, साखर आटोक्यात आली. मी इतका सुधारलो, की भेटेल त्याला उपदेश करू लागलो. गिऱ्हाईक काटा घेऊन आलं की आधी त्याच्या पोटाकडे बघायचं आणि मग काट्याकडे. दोघातिघांनी तर त्यामुळेच काटे दुसरीकडे नेले.

मग लेक बाळंतपणाला आली. शालनने डिंकाचे लाडू केले, मेथीचे केले, अळिवाचे केले. आता कोणतीही वस्तू पाहिली की ती तपासल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही, हा धंद्याचा गुण. लेक बिचारी दोन लाडू खायची आणि "पुरे गं आई" म्हणायची. लाडू बाळंतिणीचे, बाळसं मला. पहाटेचं फिरणंही चालू होतं म्हणा, पण ते रामवाडीच्या चहाच्या टपरीपाशी बसकं झालं. घरून निघायचो तेव्हा चालणारा माणूस, परतताना घाण्यातला पहिला वडा चाखलेला माणूस. घाम पुसल्याचा देखावा करून घरात शिरायचो. सकाळच्या दवाने शर्ट ओला झालेला असे, त्याचा उपयोग व्हायचा.

असं वर्षभर चाललं. मग एका सोमवारी आमच्या डॉक्टरबाईंनी, वयाने माझ्या लेकीएवढ्या, कागद बघितला, मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "काका, शहाऐंशी. साखर पुन्हा वर गेलीये. चार महिने देते. ऐंशीवर या. नाहीतर रोज इन्सुलिनची सुई."

मी सुईला घाबरत नाही. मी सुईला *फार* घाबरतो. लहानपणी देवी टोचायला आलेल्या बाईंना बघून मी माळ्यावर चढलो होतो, आणि मला उतरवायला माणसं बोलवावी लागली होती.

घरी आलो आणि दोघांनी करार केला. शालन म्हणाली, "मीपण उतरवते तुमच्याबरोबर. माझं पासष्ट आहे, मलाही कुठे गुडघे झेपताहेत. पण दर रविवारी वजन करायचं. तुमच्याच काट्यावर. तुमचा काटा कोणाला खोटं सांगायचा नाही."

माझ्याकडे एक जुना स्प्रिंगचा काटा होता, माणसाने उभं राहायचा, तबकडीवाला. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला तो कधी नेलाच नव्हता. मी तो स्वच्छ केला, बरोबर आणला आणि ओटीवर ठेवला. पहिला रविवार, माझं साडेपंच्याऐंशी. दोघांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात मला कामाला रोह्याला जावं लागलं. म्हणजे वडखळ आलं. म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच.

रविवारी पहाटे शालन उठायच्या आत मी हळूच काट्यावर चढलो. सव्वाशहाऐंशी.

आता इतर कुणीही माणूस काय करेल? बायकोला सांगेल, बोलणी खाईल, आणि पुढच्या आठवड्यात भाकरी कमी खाईल. मी काट्याच्या बुडाचे चार स्क्रू काढले. आत एक स्प्रिंग असते, तिच्या टोकाशी एक छोटा नट. तो जरासा फिरवला की काटा रिकामा असताना सुई अगदी शून्यावर राहते, कुणाला संशय येत नाही. पण माणूस वर चढला की तो शंभराला दोन कमी दाखवतो. अडतीस वर्षं लोकांच्या काट्यांतून मी नेमकी हीच युक्ती हुडकून काढत आलो होतो. हात किती सराईतपणे चालले म्हणून सांगू! बेशरमपणाने सांगतो, कामाची सफाई बघून मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मनाला समजावलं, एकाच आठवड्यापुरतं आहे, पुढच्या रविवारी परत फिरवू. पुढच्या रविवारी फिरवलं. त्याच दिशेला.

शालन मात्र खरोखर चालत होती, खरोखर कमी खात होती. तिचं वजन कमी भरलं की तिचा चेहरा असा फुले, की मला नट मागे घ्यायची हिंमतच होईना. चौथ्या आठवड्यात ती शेजारच्या कुंदावहिनींना म्हणाली, "आमचं दोघांचं भराभर उतरतंय. या ना तुम्हीपण." झालं. आळीतल्या बायका दर रविवारी आमच्या ओटीवर. घरी कुणाकडे काटा असला तरी, "तो नको गो, तो बाजारातला. नानांचा बरा, नाना काट्यातले." नाना म्हणजे मी.

मी नट फिरवत गेलो आणि सगळी आळी बारीक होत गेली.

कुंदावहिनींना भाच्याच्या लग्नात मिरवायचं होतं. अडीच महिन्यांत ठरवल्यापेक्षा जास्त उतरलं म्हणून त्यांनी चालणं थांबवलं आणि आनंदाने पुरणपोळ्या केल्या, आम्हाला पण पाठवल्या. मग कपाटातला जुना ब्लाऊज काढला तर तो चढेना. आमच्या ओटीवर येऊन म्हणाल्या, "बघा ना नाना, काटा सांगतो तीन किलो गेले, आणि ब्लाऊज काय म्हणतो बघा. नक्की धुण्यात आटला असणार."

"कापड हलकं येतं हल्ली," मी म्हटलं. धरणी दुभंगली नाही. तिच्यावर तेव्हा आमच्या सगळ्या आळीचं खरं वजन होतं.

चार महिने संपले. घरच्या काट्यावर माझे ऐंशी भरले, अगदी काटेकोर. शालनने ओवाळायचंच बाकी ठेवलं. डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांच्या काट्यावर चढलो. पंच्याऐंशी.

"काका, एकच किलो?" त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत शालन म्हणाली, "अहो, शक्यच नाही. घरी आज सकाळी ऐंशी भरलेत. यांचा काटा आहे तो. तुमचाच चुकत असणार."

कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर डॉक्टरबाई हसल्या असत्या. पण हे माझ्या काट्याबद्दल होतं. त्या खरोखर विचारात पडल्या. म्हणाल्या, "असेल हं. बरेच दिवस तपासला नाही. काका, तुम्हीच घेऊन जा आणि बघा ना. दोन दिवस मी दुसऱ्यावर चालवते. या काट्यावर मी लहान मुलांची पण वजनं करते हो, औषधाचे थेंब त्याच्यावरून ठरवते. चुकत असेल तर वाईटच. बरोबर करून आणा, मग तुमचं परत बघू. सुई तोवर थांबवू."

त्यांचा तो काटा मी रिक्षात घालून घरी आणला. शालन वाटेत म्हणाली, "बरं झालं बाई. नाहीतर उगाच टोचलं असतं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काटा माझ्या बाकावर आणि मी त्याच्यासमोर. माझी जुनी खात्रीची वजनं काढून एकेक करून त्यावर ठेवली. वीसला वीस, चाळीसला चाळीस, साठला साठ. सोन्यासारखा काटा. त्याला काही करायची गरज नव्हती. आणि मला काय करायची गरज होती तेही मला ठाऊक होतं: थोडासा, शंभराला सहा, एवढाच नट. मग डॉक्टरबाई खूश, शालन खूश, सुई गेली. पण त्यावर एखादं नऊ किलोचं तापलेलं पोर ठेवतील. तेव्हा त्याचे थेंब माझ्या वड्यांच्या हिशोबाने पडतील.

हे सगळं मनात येऊनही माझ्या हातात पाना होता. तो मी नटाला लावलाही होता. हे मी लिहितो आहे, कारण नंतर जे झालं ते माझ्या शहाणपणाने झालं असं कुणाला वाटू नये.

"ताजा जिताडा हाय गो! शालनबाई!"

दारात जनाबाई. जनाबाई म्हणजे खाडीपलीकडच्या गावची कोळीण, आता सत्तरीची, डोक्यावर टोपली, अजून पाठ ताठ. आमच्या घरी आठवड्याला येते. तिची माझी ओळख कशी झाली ते सांगायला हवं. बरीच वर्षं झाली, बाजारात तिचा तराजू माझ्याकडे दुरुस्तीला आला. मी पारडं उलटं केलं, तर खाली डांबराने एक लोहचुंबक चिकटवलेलं. मासळीच्या पारड्याला शंभर ग्रॅम फुकटात. मी बाजारात बोभाटा केला नाही, साहेबांनाही कळवलं नाही. तिला बाजूला घेतलं आणि तरुण वयात माणूस जेवढ्या रुबाबात बोलतो तेवढ्या रुबाबात म्हटलं, "जनाबाई, काट्याला पोट नसतं, पोट तुला आहे. भागत नसेल तर भाव वाढव, काट्याला यात ओढू नको." ती मला जे काही बोलली ते दिवाळी अंकात छापता येत नाही. पण तिने चुंबक उपसून माझ्या अंगावर फेकलं, आणि त्यानंतर तिच्या काट्यात फुलाएवढाही फरक कधी आला नाही. ते चुंबक मी ठेवून घेतलं. इतकी वर्षं बाकावर बारीक स्क्रू त्याला चिकटवून ठेवतो.

शालन मागे कपडे वाळत घालत होती. जनाबाईने टोपली उतरवायला जागा शोधली आणि ओटीवरच्या काट्यावरच ती टेकवली. सवयीने आकडा बघितला.

"काय रं दादा," ती म्हणाली, "माझी मासळी वाटंत उडून गेली काय?"

"का? काय झालं?"

"लिलावात टोपलीसकट वीस भरली. वीस! माझ्या डोक्याला ठावं हाय. अजून एक नग इकला नाय, आनि ह्यो तुझा काटा एकोनीस बी दाखवत नाय."

"तो... जुना आहे गो. स्प्रिंग गेलीये."

तिने टोपली उचलली. सुई शून्यावर आली. टोपली परत ठेवली, सुई पुन्हा तिथेच. तिने काट्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. जनाबाई शाळेत गेलेली नाही, पण हे गणित तिला दोन श्वासांत सुटलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "कुटं लावलंस?"

"काय?"

"चुंबक रं! कुटं लावलंस? खाली का आत?"

आणि ती जी हसायला लागली! भिंतीला धरून, पदर तोंडात कोंबून, "काट्याला पोट नाय! पोट तुला हाय! माझ्या जल्मात इसरली नाय मी ते, आनि तूच... आगो आई गो!" शालन बादली टाकून पुढे आली. "काय झालं? काय झालं?" जनाबाईला बोलता येईना, ती फक्त काट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बोट दाखवत होती.

मी सांगितलं. दुसरं करणार काय? सगळं सांगितलं, नट, दोन, चार, सहा, वडखळ, टपरी. बाकावरच्या डॉक्टरबाईंच्या काट्याचंही सांगितलं.

शालनने ओले हात पदराला पुसले. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "म्हणजे माझं पण खोटं?"

"नाही," मी घाईने म्हटलं. "तुझे तीन किलो खरे आहेत. बाकीचे पावणेचार माझे."

"तीन खरे?"

"अगदी खरे. वाटल्यास डॉक्टरबाईंच्या काट्यावर चढ, तो चोख आहे."

ती चढली. बासष्ट. पासष्टाची बासष्ट. तिने आकड्याकडे पाहिलं आणि मला तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते आनंद की राग हे मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. "चार महिने नाचणी खाल्ली मी," ती म्हणाली, "तीन किलोसाठी मी नाचले असते. आणि तुम्ही त्या तीनची किंमत घालवलीत." मग पदर खोचून तिने शिक्षा सुनावली. "आळीत जा. प्रत्येकीला तिचं खरं वजन सांगून या. घरोघर."

सात घरं होती. कंपनीत माल बिघडला की परत मागवतात, तसा मी माझा बिघडलेला आकडा परत मागवत हिंडलो. कोण काय म्हणालं ते सगळं सांगत नाही. एक आजीबाई म्हणाल्या, "मला वाटलंच. मी तर काही केलंच नव्हतं." कुंदावहिनींनी दार उघडून सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन तो ब्लाऊज आणला. माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. याची माफी मागा. मी याला धुण्यात आटला म्हटलं होतं."

मी मागितली. खोटं नाही सांगत, ब्लाऊजची माफी मागितली, दारात उभा राहून.

जनाबाई तोवर ओटीवरच बसून होती, जिताडा विकायचा सोडून. मी परत आलो तशी तिने बाकावरून ते चुंबक उचललं, माझे स्क्रू झटकून टाकले आणि कनवटीला लावलं. "हे आता माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुझा भरवसा नाय."

डॉक्टरबाईंचा काटा मी दुसऱ्या दिवशी खांद्यावर घालून चालत पोचवला. नऊ किलोचा होता. चाळीस किलो दोन हातांत घेऊन चाचांची गिरणी गाठणारा माणूस नऊ किलोसाठी तीनदा थांबला. दवाखान्यात बाहेर दहाएक पेशंट बसलेले. त्यांच्यासमोरच सांगितलं, "तुमचा बरोबर आहे. माझा चुकत होता. काट्यासकट मी."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. एका बाईच्या कडेवरचं पोर मला बघून रडायला लागलं. मग त्या म्हणाल्या, "काका, आणखी चार महिने. पण आता वजन करणार कोण? तुमच्या घरात नको."

"सोय झालीये," मी म्हटलं.

सोय जनाबाईने केली होती. दर रविवारी सकाळी मासळी बाजारात, लिलावाच्या मोठ्या काट्यावर. तो काटा मीच बरोबर ठेवलेला आहे, आणि त्याच्याभोवती इतके डोळे असतात की नटाला हात लावायची सोय नाही. घरून बाजार पायी, बाजारातून रामवाडी पायी, तिथून घर. अण्णांचं एक पाच किलोचं जुनं वजन आहे, ते पिशवीत घालून हातात. वीसचं नको, डॉक्टरबाईंनी बजावलंय. भाकऱ्या तीन. मधे गणपतीत एकदा घसरलो, कबूल करतो, मोदक आमच्याच घरचे होते आणि ते मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी बाजारात तो घसरलेला आकडा जनाबाईने सुरमईच्या भावासारखा ओरडून सांगितला, आणि सोमवारी मी आपोआप पाच मिनिटं आधी उठलो. शालन साठावर आली आहे. खऱ्या साठावर. ती आता माझ्या पुढे चालते आणि वळून बघत नाही.

आज सकाळी गेलो. चप्पल काढून चढलो. आजूबाजूला टोपल्या, बर्फ, ओलं. जनाबाई सुईकडे डोळे बारीक करून बघत होती.

"एक्यांशी! वर चारशे!" ती ओरडली. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "सोडू नको गो, आनखी एक बोली लाव!" सगळे हसले.

डॉक्टरबाईंकडे पुढच्या सोमवारी जायचंय. मी म्हटलं, "जनाबाई, जरा नीट बघ ना. चारशे खरंच आहेत का?"

तिने कनवटीतून ते चुंबक काढलं, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि मला म्हणाली, "लावू काय रं दादा?"

"नको गो," मी म्हटलं. "वरचं मी चालून घालवतो."

"चाल मग. वडेवाला उजवीकडं बसलाय आज. तू डावीकडनं जा."

मी पिशवी उचलली आणि डावीकडून गेलो. वारा मात्र उजवीकडून होता.